मॉरिसचे चार इंच

११ जून, बुधवार. उदगीर

अक्षराची बारावी झाली, पुढच्या कॉलेजचं अजून ठरलं न्हाई, आणि पोरगी दिवसभर मोबाइलात तोंड घालून बसते. म्हटलं, तुला लिहायला येतं, मला बोलायला येतं, रोज थोडं माझं लिही. मला अक्षरओळख न्हाई, नातीचं नावच तेवढं अक्षरा. तिला बजावून ठेवलंय, मी बोलते तसंच लिहायचं. नीट करून लिहिलं की वाचून दाखवताना मला लगेच कळतं. त्यात मी कमी आणि तिची शाळाच जास्ती असते.

आज कारहुणवी. आमच्याकडं बैलांचा सण आज असतो, पोळ्याची वाट कोण बघणार. पण बैल आहेत कुठं? शेत बटईनं दिलं तेव्हा सोमेशनं, म्हणजे माझ्या लेकानं, दोन्ही देवणी बैल देऊन टाकले. आता घरात बैल उरलाय एकच. तो गाडीच्या नाकावर.

गाडी म्हणजे मॉरिस मायनर. काळी, विलायती, पाठीनं कासवासारखी. आमच्या मालकांनी जवानीत नांदेडच्या एका रिटायर इंजिनिअरकडून आणली. तिच्या बिल्ल्यावर बैल आहे, पाण्यातून चाललेला. विलायतेत ही गाडी जिथं बनली त्या गावाचं नावच म्हणे बैलाच्या उतारावरून पडलं. मला त्यात नवल वाटलं न्हाई. सणाच्या आदल्या दिवशी आपणही बैल पाण्यात घालतोच की. आमच्यात बैलाला बसवण्णा म्हणतात, म्हणून दर कारहुणवीला त्या बोटाएवढ्या बसवण्णाला आंघोळ, हळद-तेल, शिंगांना लाल हुरमुंज, विभूती आणि पुरणपोळी. पोळी चारायचा मान मालकांचा.

आज पोळी चारून मालक वर उठले आणि उघड्या बॉनेटवर डोकं आपटलं. आवाज मला ओसरीवर ऐकू आला. मी म्हटलं, "बसवण्णानं शिंग मारलं. पोळीत तूप कमी पडलं असंल." ते हसले. टेंगूळ आलं, काळंनिळं पडलं, कारण ते रक्त पातळ व्हायची गोळी खातात. हळद दाबली. जेवले चांगले. एवढंच.

१५ जून, रविवार

नांदेडहून फोन. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या लोकांचा मेळावा भरणार आहे पुढच्या महिन्यात, आणि मॉरिसच्या इतिहासावर दोन शब्द बोलायला आमच्या मालकांना बोलावलंय. घरचे सोडून दुसऱ्या कुणी त्यांना हे आपणहून विचारलं, असं आजवर झालं न्हाई. लाजले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस लाजल्यावर कसा दिसतो ते बघायला मिळालं.

झालं. आता चहाबरोबर इतिहास, जेवणाबरोबर इतिहास. मॉरिस नावाचा माणूस आधी सायकली दुरुस्त करायचा. मग गाड्या करायला लागला, मग तिथल्या राजाचा सरदार झाला. ही मायनर निघाली तेव्हा इकडं पोलीस अ‍ॅक्शन झालं, निजाम गेला. एकाच सालात. तयार होत आलेली गाडी तिच्या इंजिनिअरला अरुंद वाटली, म्हणून त्यानं ती उभी कापायला लावली, दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून लांब सरकवले, डोळ्याला बरं दिसंपर्यंत. चार इंच. बॉनेटच्या मधोमध पट्टी आहे ना, ते चार इंच. दहा लाखावी गाडी झाली तेव्हा तिला फिका जांभळा रंग दिला. आणि आपली अ‍ॅम्बॅसिडर, तीसुद्धा मॉरिसचीच लेक.

अक्षरा म्हणते, "आज्जी, तुला तर सगळं पाठ आहे."

मी ऐकत न्हाई. कानात पडतं. पत्र्यावर पाऊस वाजतो तो घरातल्याला ऐकूच येतो, त्यात त्याचा काय दोष.

२८ जून, शनिवार

मधले दिवस काही घडलं न्हाई म्हणून लिहिलं न्हाई. आजही घडलं न्हाई म्हणा.

मालक दुपारी झोपायला लागलेत. आयुष्यात दुपारी झोपले न्हाईत. डाळीच्या दुकानात आडवं होणाऱ्या नोकरांना हाकलायचे. विचारलं तर म्हणतात, डोकं जड आहे. चष्म्याचा नंबर वाढला असंल. आज डाव्या हातातली बशी सुटली, चहा धोतरावर. मी म्हटलं, "अवो, स्टेअरिंग धरताना हात थरथरत न्हाई, माझा चहा धरतानाच कसा?" त्यांनी उलटं बोलायला पाहिजे होतं. नुसतं बशीकडं बघत राहिले.

एक बारीक गोष्ट. संध्याकाळी सूनबाईला, अंबिकाला, इतिहास सांगत होते, आणि म्हणाले, दहा लाखावी गाडी पिवळी होती.

अंबिका "हो का" म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

जांभळी. फिकी जांभळी. नेहमी माझ्या जुन्या इरकलीकडं बोट करून सांगायचे, असा रंग, पण धुऊन विटलेला.

३ जुलै, गुरुवार

सहा इंच म्हणाले.

मी भाकरी थापत होते. हात थांबला. "किती?" म्हटलं. "सहा," म्हणाले, "सहा इंच रुंद केली." मी म्हटलं, "परत सांगा." चिडले. "तुला काय करायचंय? तू कधी ऐकलंस का?"

भाकरी करपली. लग्नानंतर माझी भाकरी करपली न्हाई.

सोमेशला सांगितलं. तो मोबाइलवर तुरीचे भाव बघत होता. "आई, चार काय न् सहा काय. मला माझ्या गाडीचा नंबर आठवत न्हाई."

"तुला तुझ्या गाडीचं प्रेम न्हाई."

"वय झालं अप्पांचं. एवढ्या-तेवढ्यावरून घाबरून राहिलीस तू."

वय झालं. वय मलाही झालं, मी काय सहा इंच म्हणते?

५ जुलै, शनिवार

मी जेवण सोडलं तेव्हा सोमेश त्यांना गावातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. मीही गेले. डॉक्टर चांगले आहेत, घाईत असतात. त्यांनी विचारलं, आज वार कोणता, तुमचं नाव काय, गाव कोणतं, शंभरातून सात वजा करा. मालकांनी फडाफडा उत्तरं दिली. आयुष्यभर आडत केली, वजाबाकी त्यांच्या रक्तात आहे. डॉक्टर म्हणाले, "तब्येत ठणठणीत आहे. डोकं जड वाटतं ते उन्हानं, पाणी भरपूर प्या." आणि माझ्याकडं बघून, "तुम्हीच जरा शांत राहा, आजी."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मॉरिसबद्दल विचारा."

"कोण मॉरिस?"

सोमेशनं मला खांद्याला धरून बाहेर आणलं. घरी आल्यावर मालक म्हणाले, "चार माणसांत मला येडा ठरवलंस."

हे बोलणं खरं होतं, म्हणून जास्ती लागलं. शंका येते, मीच तर चुकत न्हाई? ऐकलंय सगळं कानावर पडेल तसं. खरंच चार होते का? अक्षरा म्हणाली मोबाइलवर बघते. मी न्हाई म्हटलं. चारच निघाले तर काय करायचं, ते मला माहीत न्हाई.

मग बघायला लावलंच. चारच.

९ जुलै, बुधवार

पाशामियाँकडं गेले. मॉरिसचा मिस्त्री म्हणा, हकीम म्हणा, तोच. मालकांच्या गोष्टी माझ्यानंतर कुणी सगळ्यात जास्ती ऐकल्या असतील तर त्यानं. फरक एवढाच, तो कबूल करतो.

दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत मी टायरावर बसले. मग विचारलं, "भाई, ह्यांच्यात काही वेगळं दिसतं का तुला?"

तो हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला. "भाभी, परवा सेठ गाडी लेके आए थे. सिग्नल का हात..." मॉरिसला वळताना मिचकणारा लाइट न्हाई, दाराच्या खांबातून एक छोटा हात बाहेर येतो, जायचं असेल त्या बाजूला. "हात उजवीकडचा बाहेर काढला, आणि वळले डावीकडं. माझी सायकल थोडक्यात वाचली."

"मग सोमेशला सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? पहिल्यांदा त्यांना कुणी बोलावलंय, भाभी. रोज येऊन मला भाषण ऐकवतात. नांदेड होऊ दे, मग सांगू म्हटलं."

मीही तेच म्हटलं. नांदेड होऊ दे. गाडी मात्र पाशामियाँ चालवणार एवढं ठरवलं.

हे बरोबर केलं का, माहीत न्हाई. अक्षरा, तू मान हलवू नको, लिही.

१३ जुलै, रविवार. नांदेड

दिवसभराचं एकदम सांगते. आत्ता दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलोय. अक्षरा मोबाइलवर लिहितेय, वही घरी राहिली.

सकाळी निघालो. पाशामियाँ स्टेअरिंगवर, शेजारी मालक, मागं मी न् अक्षरा. सोमेश आणि अंबिका त्यांच्या गाडीत मागून. मला वाटलं होतं, चालवू देत न्हाई म्हणून मालक भांडतील. भांडले न्हाईत. मी देवाला म्हटलं, भांडायला लाव ह्यांना. जळकोट गेलं, कंधार गेलं, मालकांची मान एका बाजूला कललेली. झोप म्हणावी तर डोळे उघडे.

मेळाव्यात लई गाड्या. अ‍ॅम्बॅसिडर, फियाट, जीप. आमच्या मॉरिसभोवती पोरं फोटो काढायला गोळा झाली. मालकांना स्टेजवर बोलावलं, शाल दिली, माइक दिला. उभे राहिले, फेटा छान बांधला होता. आणि बोलायला लागले.

मॉरिस नावाचा माणूस घड्याळं दुरुस्त करायचा. निजाम गादीवर बसला त्या सालात ही गाडी निघाली. कापून दहा इंच रुंद केली. दहा लाखावी गाडी पिवळी होती. आणि बिल्ल्यावर, मालक म्हणाले, रेडा आहे.

रेडा. ज्याला दरवर्षी विभूती लावली तो.

आवाज खणखणीत. मधे अडखळले न्हाईत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एक जण तर उभा राहिला. सोमेशचे डोळे भरून आले. माझ्याकडं वळून म्हणाला, "बघ आई. बघितलंस? उगाच काळजी करून राहिली होतीस."

मी पाशामियाँकडं बघितलं. त्यानं टोपी काढून हातात धरली होती. तोंड पांढरं.

मालक खाली उतरले, मला म्हणाले, "कसं झालं?"

मी म्हटलं, "झकास." मग त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सोमेशला बाजूला घेतलं.

"दवाखान्यात चल. मोठ्या. डोक्याचा फोटो काढायचा."

"आई, लोक टाळ्या वाजवून राहिलेत."

"त्यांना काय माहीत. एक वाक्य खरं न्हवतं त्यात."

"आज रविवार आहे. उदगीरला जाऊ, पुढच्या आठवड्यात बघू."

मी तिथंच मॉरिसच्या नाकासमोर जमिनीवर बसले. नवी इरकल, खाली ऑइलचे डाग. म्हटलं, "गाडी माझ्यावरून न्यायची तर ने." लोक बघायला लागले. अंबिका म्हणाली, "आत्या, उठा ना, कसं दिसतं हे." कसं दिसतं ते मला दिसत होतं. उठले न्हाई.

तेव्हा पाशामियाँ पुढं आला. सोमेशशी तो कधी चढून बोलत न्हाई, डाळीचं दुकान आता सोमेश चालवतो म्हणून मान ठेवतो. म्हणाला, "बेटा, भाभी सच बोल रे. सेठ का एक भी जवाब सही नहीं था. मेरे सामने पैदा हुआ तू, मेरी बात सुन." आणि सिग्नलच्या हाताची गोष्ट सांगितली.

सोमेशनं खुर्चीकडं बघितलं. मालकांनी शालीचं टोक डाव्या हातानं धरायचा प्रयत्न चालवला होता. टोक सापडत न्हवतं.

दवाखान्यात डॉक्टरीण होती, मुबश्शिरा नावाची, वयानं अक्षरापेक्षा थोडी मोठी असंल. "तक्रार काय?" मी म्हटलं, "गाडीचा इतिहास चुकीचा सांगतात." पोरगी हसली न्हाई, याबद्दल तिला शंभर वर्षं आयुष्य मिळो. "आधी बरोबर सांगायचे?" "एक शब्द इकडचा तिकडं न्हाई." "कधीपासून चुकतंय? मधे डोक्याला मार लागला होता?"

"न्हाई," म्हटलं. मग म्हटलं, "टेंगूळ आलं होतं. कारहुणवीला. हळद लावली, बसलं."

तिनं पेन खाली ठेवलं. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?"

आता ते आत आहेत, त्या गोल यंत्रात. मी थट्टा केली होती त्या दिवशी. बसवण्णानं शिंग मारलं म्हटलं होतं. अक्षरा, पुसू नको, राहू दे.

१४ जुलै, सोमवार

डोक्याच्या आत रक्त साठलंय. थेंब थेंब करून. मेंदू दाबून एका बाजूला सरकवलाय. किती, ते डॉक्टरांनी सांगितलं, मी ऐकलं न्हाई. कवटीला भोक पाडून काढणार. आणखी आठवडा गेला असता तर, असं म्हणून ते थांबले.

सोमेश सह्या करून आला आणि माझ्या पायाशी बसला. मी पाठीवर हात ठेवला. त्याला टोमणा मारायचे दिवस पुढं लई येतील.

डोकं भादरलं. गळ्यातलं इष्टलिंग काढून माझ्या हातात दिलं. लग्न होऊन मी आले तेव्हापासून त्यांच्या गळ्यात बघितलंय, हातात कधी घेतलं न्हवतं. अंगाच्या उबेनं गरम होतं. दार बंद झालं. मी मूठ उघडली न्हाई. गार झालेलं मला बघायचं न्हवतं.

झालं म्हणतात. नीट झालं म्हणतात. शुद्ध येऊ दे, मग कळंल.

१७ जुलै, गुरुवार

शुद्ध आलीय. पाणी मागितलं, सोमेशला ओळखलं, अंबिकाला "दुकान कोण बघतंय" म्हणाले. डावा हात वर करतात. सगळे खूश. मला "आलीस का" म्हणाले, जसं काही मीच कुठं गेले होते.

पण मॉरिसचं नाव न्हाई. विषयच काढत न्हाईत. डोक्याला पांढरं बांधलेलं, छताकडं बघत पडलेले. मी विचारत न्हाई. विचारलं आणि सहा म्हणाले तर?

मुबश्शिराबाईंनी सांगितलं, काही जणांचं सगळं परत येतं, काही जणांचं थोडं जातं. काही जण थोडे दिवस नसलेल्या गोष्टी सांगतात, त्यांना त्या खऱ्याच वाटतात. वाट बघा. घरी असताना मला कटकट वाटायची, आता कान त्यांच्या ओठाला लावून बसते. पाशामियाँ मॉरिस उदगीरला नेऊन परत बसनं आला. तोही विचारत न्हाई. दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो.

१९ जुलै, शनिवार

आज सकाळी मी मोसंबी सोलत होते. मालक आपणहून बोलले.

"त्या मॉरिसनं पहिल्यांदा ही गाडी बघितली ना, तेव्हा त्याला आवडली न्हाई."

माझ्या हातातली फोड खाली पडली. हे मी ऐकलेलं न्हवतं. कधीच. म्हटलं, "मग?"

"चिडला. म्हणाला, ही तर पाण्यात सोडून शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते."

"अंडं?"

"अंडं."

लिंगायताच्या घरात, वाण्याच्या तोंडी, अंडं. सकाळी सकाळी. मला घाम फुटला. ह्यांची प्रत्येक गोष्ट मला पाठ आहे, आणि ही त्यात न्हाई. म्हणजे डॉक्टरीण म्हणाली तेच. नसलेलं सांगून राहिलेत. चांगल्या आवाजात, नांदेडच्या स्टेजवर सांगितलं होतं तसं.

मी उठून बाहेर आले. अक्षराला म्हटलं, "बघ बाई. अंडं म्हणतात. मोबाइलात बघ." ती बघत होती तेवढ्या वेळात मी भिंतीला टेकून उभी होते आणि सोमेशला हे कोणत्या तोंडानं सांगायचं ते ठरवत होते.

अक्षरा म्हणाली, "आज्जी, खरं आहे."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. चार ठिकाणी लिहिलंय. त्या मॉरिसनंच म्हटलं होतं. अंडं."

मी परत आत गेले. मालक छताकडं बघत होते.

"हे मला कधी सांगितलं न्हाई," म्हटलं.

"न्हाई."

"सगळं सांगितलं. सायकली सांगितल्या, रंग सांगितला. दर पावण्याला, दर सणाला. हेच कसं न्हाई सांगितलं?"

त्यांनी मान वळवली. डोळे हसत होते. आजारात आत गेलेले, तरी तेच. "आमची आई बसली असती का अंड्यात? स्वामींना मठातून घरी आणलं त्याच गाडीत. तू बसली असतीस?"

मी विचार केला. खोटं बोलून काय उपयोग. "न्हाई बसले असते. धुऊन काढली असती, मग बसले असते."

"म्हणून."

दारात पाशामियाँ उभा होता, हातात केळी. मी त्याच्याकडं वळले. "तुला माहीत होतं?"

"हाव, भाभी." खाली बघून. "सेठनं शपथ घातली होती."

एवढी वर्षं दोघांनी मिळून मला अंड्यात बसवून गावभर फिरवलं. चिडायला पाहिजे होतं. चिडले असते, पण मधेच दुसरी भीती आली. ह्यांच्याकडं अशा अजून किती असतील? मला माहीत नसलेली गोष्ट उद्या ते सांगायला लागले, तर ती लपवलेली म्हणायची की बिघडलेली, हे मी कशावरून ओळखायचं? दर वेळी अक्षरा जवळ असणार आहे का?

खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"आणखी काय काय लपवलंय?"

"हाय थोडं."

"सांगा."

"आत्ता? तू ऐकत न्हाईस."

"ऐकते."

त्यांनी डावा हात उचलला, हळूहळू, माझ्या गुडघ्यावर ठेवला. ठेवताना थरथरला, पण सुटला न्हाई.

"कुठून सुरू करू?"

म्हटलं, "अंड्याच्या पुढून."